आयसीयूतल्या आईला व्हिडिओ कॉल लावू का?

प्रश्न : सिस्टर नमस्कार. आम्ही विट्याचे, आईला न्यूमोनिया झालाय, मिरजेत आयसीयूत आहे, व्हेंटिलेटर लावलाय. दादा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात तिकडं कोइमतूरला, दुकान टाकून लगेच निघता येईना त्याला. मला संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडतात. तिथली नर्स म्हणाली भावाला व्हिडिओ कॉल लावा की, पण आत्या म्हणते आई बेशुद्ध आहे तिला काय कळणार, उगा पोराच्या जिवाला घोर. काय करू?

उत्तर : ताई, लावा कॉल. आत्यांचं निम्मं खरं आहे म्हणजे आईला किती कळेल हे कुणीच छातीठोक सांगणार नाही, पण व्हेंटिलेटरवर आहे म्हणजे बेशुद्धच असं नसतं हो, नळी सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध चालू ठेवतात त्याची गुंगी असते, आणि ती नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत गेलेली असते त्यामुळं माणूस जागा असला तरी आवाज फुटत नाही. बरे होऊन वॉर्डात आलेले कितीतरी पेशंट मला सांगायचे, कोण बोलतंय ते कळायचं पण काय बोलतंय ते नाही.

आणि खरं सांगू का, हा कॉल आईपेक्षा दादासाठी जास्त आहे, त्यात वाईट काय? ब्राझीलमधे ३६ आयसीयूंत एक अभ्यास झाला, २०१९ ला जामा या वैद्यकीय मासिकात आलाय, घरच्यांना दिवसाला बारा तासांपर्यंत पेशंटजवळ बसू दिलं तर पेशंटचं भ्रमात जाणं, बरळणं काही फारसं कमी झालं नाही पण घरच्यांची घालमेल आणि खचून जाणं कमी झालं. ती प्रत्यक्ष भेट होती, फोन नव्हे, तरी मला त्यातून हेच दिसतं की लांब ठेवलेल्या माणसाचेच जास्त हाल होतात. कोविडात २०२० ला लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी लाइफ लाइन्स म्हणून काम काढलं, ब्रिटनमधल्या आयसीयूंना टॅब पुरवले, घरच्यांनी घरूनच बघायचं. आपल्याकडं किट घातलेल्या नर्स पोरीच स्वतःचा मोबाइल पिशवीत घालून पेशंटसमोर धरायच्या.

पण एकदम कॅमेरा चालू करू नका, आधी बाहेरून साधा फोन करून दादाला सगळं सांगा. तोंडात नळी, ती गालाला पट्टीनं चिकटवलेली, नाकातून पोटात गेलेली राइल्स ट्यूब, चेहरा सुजलेला असू शकतो, नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीनं बांधलेले असतील. मंगळसूत्र-बांगड्या तर काढून तुमच्याच हातात दिल्या असतील, कपाळ पुसलेलं, मोकळा गळा... माणसं मॉनिटरला नाही घाबरत, त्या मोकळ्या गळ्याला हबकतात. हे आधी कानावर घातलेलं बरं.

वेळ नर्सलाच विचारा. सकाळी राउंड, एक्सरे, स्पंजिंग, ड्युटी बदलायच्या वेळी तर कुणाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून तुमची संध्याकाळची दहा मिनिटं आहेत त्यातच लावा. मोबाइल पुसून घ्या. आईला चष्मा, ऐकायचं मशीन असेल तर घालू द्यायला सांगा, ते कपाटात राहतं आणि आपण म्हणतो ऐकूच येत नाही. फोन कानाजवळ, एका वेळी एकच माणूस, मागं सगळी चाळ गोळा करून हॅलो हॅलो नको. दादानं आधी स्वतःचं नाव सांगावं, आज वार कुठला, तू मिरजेत दवाखान्यात आहेस हे सांगावं, मग घरचं साधं बोलावं, म्हैस व्याली, आण्णा वेळेवर जेवतात असलं. "मला ओळखलंस का" हे विचारू नका, उत्तर देता येत नाही म्हणून पेशंट कासावीस होतो. रडू आलं तर येऊ दे त्याला, पण बिल किती झालं, डॉक्टर काय म्हणाले ही चर्चा उशाशी नको, डॉक्टरांशी बोलायला दादाला वेगळा फोन जोडून द्या. नाडीचा आकडा वाढला की लगेच "ओळखलं बघ आईनं" असंही धरू नका, खोकल्यानंसुद्धा वाढतो. नर्स म्हणाली बास, की बास.

रेकॉर्डिंग मात्र करू नका आणि भावकीच्या ग्रुपवर फोटो तर मुळीच नाही. आई हो म्हणू शकत नाही, आणि शेजारच्या बेडवरचा माणूस पण त्यात येतो.

प्रश्न : आजोबा साताऱ्यात आयसीयूत आहेत, आठ वर्षांचा मुलगा मला बघायचंच म्हणून हट्ट धरून बसलाय. व्हिडिओ कॉलवर दाखवावं का? (कोरेगाव)

उत्तर : त्यालाच बघायचंय तर दाखवा, नको म्हणाला असता तर मी जबरदस्ती करू नका म्हटलं असतं. आधी नळ्या कशाला लावल्यात ते त्याच्या भाषेत सांगा, नाहीतर पोरं मनात भलतंच धरतात. जवळ बसा, दोन मिनिटं पुरे, आणि कॉल कधीही बंद करायची मुभा त्याला द्या. त्याला आजोबांसाठी दोन ओळी बोलून रेकॉर्ड करायला लावलं तर अजून चांगलं, तुम्ही आत जाल तेव्हा ऐकवता येतात, फक्त नर्सला आधी विचारून.