कॅमेऱ्यासमोर अण्णा ताठ बसतात

प्रश्न : मी कोल्हापूरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अण्णा (माझे वडील) छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे छपाईसाठी खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवायचे. खिळे न लागणारी ऑफसेट छपाई आल्यावर ते काम सुटलं. त्यांना बरोबर घेऊन एक छोटी फिल्म करतेय. पण कॅमेरा लावला की ते इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसतात आणि शिक्षणाचं महत्त्व सांगतात. मी कलेला जाणार म्हटल्यावर ते वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. मला खरं तर तो अबोला फिल्ममध्ये आणायचाय. कसा आणू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? माझं आयुष्य एडिट टेबलवर दुसऱ्यांच्या फिल्म कापण्यात गेलं, त्यामुळे इस्त्रीच्या शर्टातले वडील मी पुष्कळ पाहिलेत. समोर ट्रायपॉड, कॉलरला माईक आणि “बोला अण्णा” म्हणणारी लेक, एवढा थाट मांडल्यावर माणूस सत्काराला उत्तर दिल्यासारखंच बोलणार. त्यांना बोलायला लावू नकोस. फिल्ममध्ये त्यांना काम दे.

कॅनडाच्या सारा पॉलीची ‘स्टोरीज वी टेल’ (2012) बघ. साराची आई 1990 साली कॅन्सरने गेली, तेव्हा ती अकरा वर्षांची. पुढे मोठेपणी तिला कळलं, की ज्यांनी वाढवलं ते मायकल आपले जन्मदाते नव्हेत. हे समजल्यावर मायकलनी सगळी हकिगत स्वतः लिहून काढली. साराने तेच लिखाण फिल्मचं निवेदन केलं आणि त्यांना स्टुडिओत बसवून वाचून घेतलं. मध्येच ती थांबवते, ही ओळ परत वाचा म्हणते. मायकल मूळचे नट, रिटेकचं त्यांना काय! बाप-लेक समोरासमोर बसून जे बोलू शकले नसते, ते हातातल्या कागदामुळे बोलता आलं असं मला वाटतं.

दुसरी फिल्म इराणची, समीरा मखमलबाफची ‘द ॲपल’ (1998). समीरा तेव्हा सतरा वर्षांची. कथा आणि संकलन तिच्या वडिलांचं, मोहसिन यांचं. तेहरानमधल्या एका गरीब बापाने जुळ्या मुलींना अकरा वर्षं घरात कोंडून ठेवल्याची बातमी आली होती. समीराने नट शोधले नाहीत. तोच बाप, त्याच मुली. पेपरवाल्यांनी आपल्याबद्दल खोटंनाटं लिहिलं ही आपली तक्रार तो बाप पडद्यावर मांडतो, आणि समीरा ती मांडू देते. मग समाजसेविका त्यालाच घरात कोंडते आणि हातात करवत देते : काप आता गज. म्हातारा कापत बसतो. मुलाखतीत त्याने परंपरेवर व्याख्यान झोडलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आता तुझे अण्णा. फिल्मची सगळी शीर्षकं त्यांना खिळ्यांत जुळवायला दे. तुमच्या भागात कुणाकडे केस (खिळ्यांची खणाखणांची पेटी), स्टिक (ओळ जुळवायची हातातली पट्टी), एखादं चालू ट्रेडल (खिळ्यांवरून छापायचं जुनं यंत्र) उरलंय का, ते तुझ्यापेक्षा त्यांना माहीत असेल, शोधायला त्यांच्याबरोबर जा. जोडाक्षराचा खिळा कुठल्या खणात असतो हे त्यांचे हात विसरले नसतील. मग त्या अबोल्याच्या वर्षाबद्दल तू चार ओळी लिही आणि त्याही जुळवायला दे. त्यात काय आहे ते आधी सांगून मगच दे हं. न सांगता हातात कागद ठेवायचा आणि वाचतानाच्या चेहऱ्याचा क्लोज-अप चोरायचा, असले शॉट माझ्याकडे आले की मी दिग्दर्शकाशी भांडते. जुळवताना त्यांनी शब्द बदलला, तर बदललेलाच छापायचा. प्रूफ दोघांनी तपासायचं. आणि एखादी ओळ त्यांनी गाळली तर ती जागा मोकळीच राहू दे. खिळ्यांच्या कामात मोकळ्या जागेतही शिशाचे तुकडे भरावे लागतात. ते भरताना अण्णा काही बोलले तर बोलले. आवाजाचं रेकॉर्डिंग तेवढं चालू ठेव, त्यांना सांगून.

एडिट पक्कं होण्याआधी त्यांना दाखव. “बघा कशी झालीय” म्हणून दाखवलंस तर कौतुक ऐकशील. “यातलं काय काढू?” असं विचार.

आणि त्यांनी साफ नाही म्हटलं तर? अमेरिकेच्या सू फ्रिडरिकची ‘सिंक ऑर स्विम’ (1990) वडिलांच्या सहभागाशिवायच झाली. 26 छोटे तुकडे, इंग्रजी मुळाक्षरं झेडपासून एपर्यंत उलटी, निवेदन एका लहान मुलीच्या आवाजात. फिल्म जबरदस्त आहे. पण ती एकट्या मुलीची. तुझी तशी होणार असेल तर अण्णांना आणि कॉलेजमध्ये आधीच सांगून टाक.

प्रश्न : मुलगी पुण्याहून आली की मोबाईलवर सारखं माझं शूटिंग करते, म्हणते आपण दोघं मिळून फिल्म करू. मला अलीकडे विसरायला होतं, गोळ्या चालू आहेत. नको म्हणायचा हक्क मला आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, आणि तो आजच वापरून ठेवा. ‘डिक जॉन्सन इज डेड’ (2020) नावाची फिल्म आहे. डिक हे सिएटलचे मनोविकारतज्ज्ञ, स्मृती जायला लागल्यावर न्यूयॉर्कला लेकीकडे आले. लेक किर्स्टन कॅमेऱ्याच्या व्यवसायातली. तिने बापाचे मृत्यूच खोटे खोटे रचले : डोक्यावर एसी पडतो, जिन्यावरून कोसळतात. धोक्याचं काम स्टंटवाल्यांचं, पण शवपेटीत डिक स्वतः आडवे होतात. ते हसतहसत सामील आहेत, तरी बघताना मला सारखं वाटत राहतं, की कालचा होकार आज यांना आठवत असेल का?

तेव्हा कागदावर लिहा : काय दाखवायचं नाही (गोळ्या, आंघोळ, चिडचिड, जे असेल ते), कुणाला दाखवायचं नाही, आणि पुढे तुमच्या वतीने ‘नको’ कोण म्हणेल. तो माणूस मुलगी नको, कारण मोबाईल तिच्या हातात असेल. बाकी शूटिंगला माझी ना नाही. फक्त मिळून करायची असेल तर एखाद्या दुपारी तिला खुर्चीत बसवा, मोबाईल तुम्ही घ्या आणि तुम्हाला हवं ते विचारा. आडवा धरा मात्र.