तळ्याची पाळ, कानाची पाळ

वेंगुर्ल्याकडच्या एका वाचकाने विचारले आहे: डोंगराच्या कुशीत मातीचा बांध घालून अडवलेल्या आणि पाटाने शेतीला दिलेल्या पाण्याला काय म्हणायचे? धरण, बंधारा की शेततळे?

शेततळे नक्कीच नाही. ते खणलेले असते, बहुधा आत प्लास्टिक अंथरलेले. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेपासून दिसेल त्या साठ्याला हे नाव चिकटवतात, ते थांबावे. बंधारा वाहत्या पाण्याला आडवा घालतात. पाऊस सरला की वहाळात मातीने भरलेल्या गोणी रचतात, तो बंधारा. जादा पाणी त्याच्या माथ्यावरून जाते. तुम्ही सांगता ते तळे. मालवण तालुक्यातल्या धामापूरचे पाहा ना! नागेश देसाई यांनी १५३० साली दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालून ते बांधले, आजही धामापूर-काळशाची शेती त्यावर भिजते आणि २०२० साली त्याची गणना जागतिक सिंचन वारशात झाली. त्याला तळे म्हणा, तलाव म्हणा.

पण तुम्ही विचारायला हवा होता तो शब्द पाण्याचा नाही, मातीच्या त्या भिंतीचा. तो आहे ‘पाळ’.

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठाला तलावपाळी म्हणतात. आता जो तो ‘तलावपाली’ म्हणतो, आणि पाळी म्हणजे राखण, असे वर समजावूनही सांगतो. राखणीचा इथे संबंध नाही! संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, काठ, बांध, ओळ, आणि कानाची खालची कडही. धूलिची धूळ झाली तशी पालिची पाळ झाली. तळ्याची पाळ आणि कानाची पाळ हा एकच शब्द आहे. बुद्धवचनांच्या भाषेचे ‘पाली’ हे नावही यातल्या ‘ओळ’ या अर्थावरूनच आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. पिकाला पाण्याच्या पाळ्या देतात, ती पाळीही हीच. कड, मग ओळ, मग ओळीने येणारा क्रम. शेतकरी कुळवाच्या पाळ्या घालतो त्या तर डोळ्यांना दिसणाऱ्या ओळीच असतात. ही पाळी संस्कृत ‘पर्याय’ (म्हणजे क्रम) या शब्दापासून काढणाऱ्यांनी मराठीचा कान वापरलेला नाही. संस्कृत ‘र्य’चा प्राकृतात ‘ल्ल’ होतो तेव्हा मराठीत ‘ल’ उरतो: पर्यंक, पल्लंक, पलंग. जोड ‘ल्ल’चा ल, एकट्या ‘ल’चा ळ. म्हणूनच ‘कल्य’पासून आलेला काल वेगळा आणि ‘काल’पासून आलेला काळ वेगळा. पर्यायापासून शब्द आला असता तर आपण आज ‘पाली’ म्हणालो असतो. आपण पाळी म्हणतो, तेव्हा मूळ ‘पालि’च. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधी या ‘ळ’चा हिशेब द्यावा.

वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला, पाटाचे पाणी आज तुमच्या मळ्यात, उद्या शेजाऱ्याच्या, असे पाळीने फिरते आणि ते येते पाळीने अडवलेल्या तळ्यातून. दोन्ही ठिकाणी ळच लिहा आणि ळच उच्चारा.