अल्ट्रा सेव्हनचा तो एलियन आणि बैठ्या टेबलावाला एपिसोड खरंच एवढा भारी आहे का, की लोक उगाच डोक्यावर घेतात?

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मराठीत या मालिकेबद्दल कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही लिहिलंय की एपिसोड बघितला, फाइट दोन मिनिटांची पण नाही, एलियन घरात मांडी घालून बसतो आणि स्वतःचा सगळा प्लॅन हिरोलाच सांगून टाकतो, मग यात लोकांना एवढं काय दिसतं. तक्रार चुकीची नाही, पण मी दुसऱ्या पार्टीतला आहे. मला तो प्रचंड आवडतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्ट्रा सेव्हन ही जपानची मालिका, त्सुबुराया प्रॉडक्शन्सची, टीबीएस चॅनेलवर १ ऑक्टोबर १९६७ ते सप्टेंबर १९६८ अशी चालली, एकूण ४९ एपिसोड. आपल्याकडे दूरदर्शनवर जायंट रोबोट बघितलेली पिढी असेल तर त्यांनी असं समजा की तोच काळ, जायंट रोबोट पण जपानमध्ये १९६७ च्या ऑक्टोबरमध्येच सुरू झाला होता आणि त्यात पण एलियनच पृथ्वी बळकवायला आलेले होते, सम्राट गिलोटीन वगैरे. पण तिकडे मामला सरळ होता, राक्षस पाठवा, शहर फोडा, रोबो येईल आणि मारेल. सेव्हनचा हा आठवा एपिसोड, १९ नोव्हेंबर १९६७ चा, त्यात मेट्रॉन नावाच्या ग्रहावरचा एलियन काहीच फोडत नाही.

तो काय करतो तर किटागावा नावाच्या एका साध्या गावात स्टेशनसमोरच्या सिगरेट विकणाऱ्या मशीनमध्ये भेसळ करतो. सिगरेटमध्ये बारीक लाल स्फटिक. ती ओढली की माणसाला समोरचा प्रत्येक जण शत्रू वाटायला लागतो आणि तो पिसाळतो. सुरुवातीला एक विमान पडतं, त्याचा पायलट म्हणजे ॲनचा काका (ॲन ही हिरोच्या टीममधली मुलगी), आणि मग लक्षात येतं की भयंकर अपघात आणि मारामाऱ्या करणारी सगळी माणसं याच एका गावची आहेत. पुढे हिरोच्या टीममधले दोघं तीच सिगरेट ओढतात आणि बेसमध्येच धिंगाणा घालतात. आता इथे मी तुमच्याशी सहमत आहे, हा मधला तपासाचा भाग रेंगाळतो, कॅफेत बसून मशीनवर नजर ठेवायचा सीन तर मी पुन्हा बघताना पुढे ढकलतो.

पण मग मालिकेचा हिरो डॅन त्या एलियनच्या पाठी जातो आणि एका भाड्याच्या जुनाट अपार्टमेंटमध्ये शिरतो. आत खोलीत तो लाल-पिवळा-निळा, बोटं नसलेल्या चपट्या हातांचा, पाऊस संपल्यावर दारात उभा करून ठेवलेल्या गमबुटासारखा दिसणारा प्राणी, आणि दोघं बैठ्या टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून बोलतात. हसू येतं, येणारच, आणि माझ्या मते यावंच, कारण डायरेक्टरने ते गंभीर चेहऱ्याने दाखवलंय. पण एक गोष्ट लक्षात घ्या, डॅन पण माणूस नाहीये. याच्या आधीच्या अल्ट्रामॅन मालिकेत हिरो हायाता हा खरा माणूस होता आणि अल्ट्रामॅन त्याच्या शरीरात राहायचा, सेव्हनमध्ये तसं नाही, डॅन म्हणजे स्वतः सेव्हनच (परग्रहावरून आलेला, पृथ्वी वाचवणारा महाकाय हिरो), फक्त त्याने माणसाचं रूप घेतलंय. म्हणजे त्या टेबलावर जे बसलेत ते दोन परके आहेत, आणि ज्या पृथ्वीचं काय करायचं यावर बोलणं चाललंय त्या पृथ्वीवरचं त्या खोलीत कोणीच नाही, बाहेर लोक कामावरून घरी चाललेत आणि त्यांना पत्ता नाही. हे मला दुसऱ्यांदा बघताना जाणवलं, पहिल्यांदा मी पण फक्त हसलो होतो.

एलियन प्लॅन का सांगतो हा तुमचा मुद्दा. खूप जण याला पटकथेतली चूक म्हणतात. मला तसं वाटत नाही कारण तो डॅनला आपल्यासारखाच बाहेरचा समजून बोलतोय, तू पण यांच्यातला नाहीस, मग तू मधे का पडतोस असा सूर आहे. आणि प्लॅन असा आहे की माणसांचा समाज एकमेकांवरच्या विश्वासावर चालतो, तेवढा एक विश्वास काढून घेतला की बाकीचं काम माणसं स्वतःच करतील, फौज आणायची गरजच नाही. लहान मुलांच्या रविवार संध्याकाळच्या कार्यक्रमात हे १९६७ मध्ये! त्याच मालिकेत पुढे काही एलियन असे आहेत की त्यांचं नाव पण आठवत नाही मला, हा आठवतो.

आता फाइटबद्दल. छोटी आहे, मान्य. पण डायरेक्टर अकिओ जिस्सोजीला फाइटमध्ये रसच नव्हता असं त्याचे एपिसोड बघून माझं मत झालंय (अवांतर: अल्ट्रामॅनमध्ये त्याच्याच एका एपिसोडमध्ये हायाता घाईत रूपांतराच्या यंत्राऐवजी करीचा चमचा वर धरतो, जमलं तर शोधून बघा). त्याने काय केलं की सगळा प्रसंग मावळतीच्या लाल प्रकाशात ठेवला, उजेड मागून, दोघांच्या नुसत्या काळ्या आकृत्या, आणि मग सेव्हनच्या डोक्यावरचं ते पातं सुटतं आणि मेट्रॉनचे उभे दोन भाग होतात. खेळण्यातलं शहर आहे हे कळतं, सूट घातलेला माणूस आहे हे पण कळतं, तरी फ्रेम थांबवून बघावी अशी आहे. बाकी एपिसोडभर पण तो कॅमेरा कुठेही लावतो, अगदी तोंडाजवळ, कोणाच्या तरी खांद्यामागून, अर्धी फ्रेम काहीतरी आडवं येऊन झाकलेली. काही लोकांना हे नाटकी वाटतं. चव असते एकेकाची.

आणि शेवट, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. सगळं संपल्यावर निवेदक मुलांना समजावल्यासारखं म्हणतो की घाबरू नका, ही गोष्ट खूप लांबच्या भविष्यातली आहे. का, तर आज आपण माणसं एकमेकांवर एवढा विश्वासच ठेवत नाही की कुठल्या एलियनला तो मोडावासा वाटेल. बस, एपिसोड संपला. काही जण म्हणतात ही उगाच शहाणपणाची टपली आहे, गोष्ट स्वतःच सगळं सांगत होती मग निवेदकाने कशाला सांगायचं. यात तथ्य आहे थोडं. पण मला ती ओळ आवडते ती त्याच्या त्या प्रेमळ आवाजामुळे, म्हणजे दर आठवड्याला मुलांना धीर देणारा आवाज तोच, शब्द पण धीराचेच, आणि धीर दिला तो असा. हेच जर डॅनच्या तोंडी भाषण म्हणून टाकलं असतं तर मी पण तुमच्या बाजूने असतो.

लेखक तेत्सुओ किंजो बद्दल माहीत असेल तर हे सगळं अजून वेगळं लागतं. तो ओकिनावात वाढलेला माणूस, आणि हा एपिसोड लिहिला तेव्हा ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, ते १९७२ मध्ये जपानला परत मिळालं. आक्रमण कोणी केलं आणि जागा मुळात कोणाची हा प्रश्न त्याच्या कामात पुन्हा पुन्हा येतो असं बरेच जण म्हणतात, आणि याच मालिकेचा बेचाळिसावा एपिसोड बघितला तर ते पटतं. त्यात समुद्राखाली राहणारे लोक आहेत आणि पृथ्वीचे मूळ रहिवासी तेच असावेत, माणसंच नंतर आलेली असावीत अशी शंका उभी राहते, हिरो लोक जिंकतात पण जिंकल्याचा आनंद काही होत नाही. खरं सांगायचं तर एपिसोड म्हणून मला तो आठव्यापेक्षा पण वरचा वाटतो, पण त्यात टेबल नाही ना, त्यामुळे त्याचे मीम बनत नाहीत.

तुम्हाला खरंच या एलियनला अजून एक चान्स द्यायचा असेल तर अल्ट्रामॅन मॅक्स या नंतरच्या मालिकेचा चोविसावा एपिसोड बघा, २००५ चा, तो जिस्सोजीनेच केलाय, पुढच्याच वर्षी तो गेला. त्यात मेट्रॉन जिवंत निघतो, कापलेलं शरीर कोणीतरी शिवून दिलेलं असतं (!), आणि यावेळी सिगरेटच्या जागी मोबाइल आहेत. पुन्हा गप्पा, पुन्हा मावळती, आणि तो सरळ सांगतो की आता ही पृथ्वी घेण्यात काही अर्थ राहिला नाही, मी आपला घरी चाललो. पुष्कळ चाहत्यांना हा जुन्यापेक्षा जास्त आवडतो. मला तो जरा म्हातारबाबांच्या कुरकुरीसारखा वाटला, मोबाइलने माणसं बिघडली वगैरे, १९६७ वाल्यात सिगरेट ही नुसती वाट होती, दोष सिगरेटचा नव्हता. पण एलियनने माणसांना एवढा कंटाळून आक्रमण रद्द करणं ही कल्पना मात्र धमाल आहे.

१९७२ च्या अल्ट्रामॅन एसमध्ये मेट्रॉनचा ज्युनियर पण येतो. तो नाही बघितला तरी चालेल.