डिस्प्ले दिमाखात, स्पीकर मुके

प्रश्न : माझी हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. दिवाळीआधी चारही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. म्युझिक सेट जुनाच, कंपनीचा नाही, बाजारातून घेऊन लावलेला. महिनाभर झकास वाजलं. आता सेट सुरू होतो, डिस्प्लेवर १०१.० दिसतं, स्टेशन बदलतं, पण आवाज शून्य. पेन ड्राइव्ह लावला तरी तेच. कधीकधी ड्रायव्हरचं दार उघडताना सेट चालू केला तर गाणं लागतं. दार लावलं की पुन्हा गप्प. बसवणारे म्हणतात, सेट गेला, नवा घ्या. घेऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नको. दुखणं कुठे आहे ते तुम्हीच पत्रात लिहिलंय : ड्रायव्हरचं दार.

चार स्पीकर काही ठरवून एकाच दिवशी मरत नाहीत. चौघांना वाजवणारी सेटमधली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, मात्र एकच असते. चारपैकी एका स्पीकरची वायर जरी गाडीच्या पत्र्याला टेकली, तरी आपण जळू नये म्हणून ती आयसी सगळाच आवाज बंद करते. डिस्प्लेचा तिच्याशी संबंध नाही, म्हणून तो बिचारा आकडे दाखवत बसतो.

हे मी हात पोळून शिकलो. पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या जमान्यात बऱ्याच कॅसेट सेटना स्पीकरची एक वायर बॉडीला ‘अर्थ’ केलेली, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली, चालायची. वायर वाचायची, वेळ वाचायचा, हाताला तीच सवय. पुढे जास्त पॉवरचे सेट आले. त्यांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर पॉवर असते, निगेटिव्हसुद्धा बॉडीला लावायची नाही. मी लावली. सेट गप्प. दोनदा खोलला, काही सापडेना. शेवटी गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून बॉडीला लावलेली ती वायर काढली आणि सेट गायला लागला! मजुरी अर्थातच मागितली नाही.

तुम्ही असं करा. किल्ली बंद करून सेट बाहेर ओढा. बाजारातून घेतलेल्या सेटच्या वायरींना बहुतेक ठरलेले रंग असतात : पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, काळी रेघ असलेली निगेटिव्ह. ड्रायव्हरचं दार म्हणजे पुढचं उजवं, म्हणजे तुमची राखाडी जोडी. तेवढी सोडवा, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप मारा आणि सेट चालू करा. बाकीचे तीन वाजले तर चोर सापडला. मल्टिमीटर असेल तर दाराकडे जाणाऱ्या सुट्या वायरी एकेक करून बॉडीशी तपासा. दार उघडझाप करताना मीटर वाजला, म्हणजे वायर बॉडीला टेकली; आणखी पुरावा नको.

मग दार पूर्ण उघडा आणि दार व खांब यांच्यामधली ती घड्याघड्यांची रबरी नळी बघा. कंपनीची वायर तिच्या आतून जाते. घाईतला माणूस नवी वायर बाहेरूनच पत्र्याच्या भोकातून ओढतो. भोकाची कड सुरीसारखी. रोज दहादा दार उघडलं की महिनाभरात इन्सुलेशन सोलून तांबं उघडं पडतं. तुमचा महिना तिथेच भरला, असा माझा अंदाज. नवी वायर नळीच्या आतूनच घाला आणि दार पूर्ण उघडल्यावर ताण येणार नाही इतकी सैल ठेवा. नळीच्या आत जोड नको. जोड द्यावाच लागला तर बाहेर, सोल्डर करून वर स्लीव्ह, म्हणजे इन्सुलेशनची नळी. नुसत्या काळ्या टेपवर माझा विश्वास नाही. उन्हात उभ्या गाडीत तिचा डिंक वितळतो.

नळी ठीक निघाली तर दाराचं पॅनल उघडा. स्पीकरची पिन पत्र्याला टेकते का, खाली येणारी काच वायर घासते का, ते पाहा. स्पीकर जिवंत आहे का हे पेन्सिल सेलने कळतं. त्याच्या वायरी सेटपासून सोडवून क्षणभर सेलला टेकवा. ‘खट्’ झालं, पडदा हलला, तर स्पीकर शाबूत.

चारही जोड्या सोडवून, एक सुटा स्पीकर थेट सेटला लावूनही आवाज नाही, तर मात्र मी सेटवर संशय घेईन. आणि हे सगळं करण्याआधी म्यूट बघा, फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारं सेटिंग) बघा. माझ्याकडे एक आजोबा अख्खी सकाळ बसून होते; नातवाने आवाज पूर्ण मागे ढकलला होता आणि त्यांच्या गाडीत मागे स्पीकरच नव्हते.

प्रश्न : नवा सेट बसवल्यापासून पेन ड्राइव्हवर गाणी स्वच्छ, पण एफएमवर नुसती खरखर. छतावर आखूड अँटेना आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अशा आखूड अँटेनात बहुधा सिग्नल वाढवणारा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. ते सेटच्या निळ्या वायरवर मिळतात. बसवणाऱ्याने ती गुंडाळून मागे कोंबली असणार. अँटेनाच्या पॉवरच्या वायरीला जोडून घ्या. बॉडीला मात्र टेकवू नका.