ऑर्डर केलेली चिमणी, हॉब, डिशवॉशर रखडलंय. किचनचं काम थांबवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरला घराच्या किचनचं काम काढलंय. चिमणी, हॉब (ओट्याच्या दगडात बसवायची गॅसची शेगडी) आणि डिशवॉशरला ॲडव्हान्स देऊन महिना उलटला, दुकानदार ‘गाडी निघाली की कळवतो’ एवढंच म्हणतोय. इकडे ग्रॅनाईटवाला आणि ट्रॉलीवाला ‘माप द्या, नाहीतर दुसरं काम धरतो’ म्हणून मागे लागलेत. ऑर्डर रद्द करावी की काम थांबवावं?

आत्ता तरी दोन्ही करू नका. मशीन घरात नसतानाही किचनचं बहुतेक काम पुरं होतं, त्याला फक्त मॉडेलची मापं लागतात आणि ती आजच्या आज मिळू शकतात. अडतं ते दोन-तीन ठिकाणी, आणि तिथंच घाई केली तर पैसे पाण्यात जातात.

आधी माल नेमका कुठं आहे ते काढा. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या दुकानात फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन भरपूर असतं, पण हॉब आणि डिशवॉशर शोकेसपुरतं एखादंच. बाकीचं ऑर्डर आल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या गोदामातून, म्हणजे संभाजीनगर, पुणे किंवा भिवंडीकडून येतं. एका नगासाठी गाडी सुटत नाही, त्या रस्त्याचा माल भरला की सुटते. दसरा-दिवाळीच्या आधी तर हे आणखी लांबतं. म्हणून दुकानदाराला ‘कधी येणार’ विचारण्यापेक्षा ‘माझ्या नावावर युनिट लागलंय का, सिरियल नंबर पाठवा’ असं व्हॉट्सॲपवर लिहून विचारा. सिरियल नंबर मिळाला तर माल आहे, फक्त वाटेत आहे. थांबायला हरकत नाही. नंबर देता येत नसेल, तर पावतीवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या कस्टमर केअरला सांगा आणि तो मॉडेल चालू आहे की बंद झाला ते विचारा. बंद झालेल्या मॉडेलची वाट बघत बसण्यात काहीच अर्थ नाही, तिथं ऑर्डर बदलाच.

मापांसाठी त्या मॉडेलचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि त्यातलं मापाचं पान छापून भिंतीला चिकटवा. दुकानदाराने तोंडी सांगितलेलं माप धरू नका. मॅन्युअलमध्ये मिलिमीटर असतात आणि आपले मिस्त्री इंच-सुतात बोलतात, चूक तिथंच होते. एक सूत म्हणजे जवळपास ३ मिमी. कामगाराच्या टेपवर मिमीची बाजू आहे ना ते बघा आणि भिंतीवर मिमीतच लिहून ठेवा.

हॉबसाठी ग्रॅनाईट आज कापू नका. ६० सेंमी हॉबचा कटआउट, म्हणजे दगडात पाडायचं भोक, साधारण ५६० बाय ४८०-४९० मिमी असतो, पण हा ‘साधारण’ फार घातक आहे. भोक जास्त मोठं झालं तर हॉबची काच कडेवर टेकत नाही आणि तो दगड वाया जातो. ग्रॅनाईट अखंड बसवून घ्या आणि तोपर्यंत जुनी शेगडी ओट्यावर ठेवून स्वयंपाक चालू द्या. हॉब हातात आल्यावर ग्रॅनाईट जागेवरच कापता येतो. कापताना चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक पाडून मग कटरने मधली रेघ मारायची. थेट काटकोनात कापलं तर कोपऱ्यातून तडा जातो. मागे किंवा पुढे दोन इंचांपेक्षा बारीक पट्टी उरत असेल तर ती तुटायची भीती असते, अशा वेळी हॉब पुढे-मागे सरकवा. आज करायचं काम एवढंच: हॉब येणार त्या जागेखाली कडप्प्याचा उभा (ओट्याला आधार देणारी उभी फरशी) येऊ देऊ नका, आणि ग्रॅनाईटवाल्याशी कटआउटसाठी पुन्हा यायचे पैसे आत्ताच ठरवून तेवढी रक्कम मागे ठेवा. काम संपल्यावर नुसत्या भोकासाठी कोणी लवकर येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ डिशवॉशरच्या गाळ्यात, म्हणजे ओट्याखालच्या त्याच्या कप्प्यात होतो. १२-१४ जणांच्या भांड्यांचं सुटं मशीन साधारण ६० सेंमी रुंद, ६० खोल आणि ८४.५ ते ८५ उंच असतं. आपला ओटा बहुधा ३३ इंच, म्हणजे ८४ सेंमीला बांधतात. वरचा १८ मिमी ग्रॅनाईट आणि खालचा २०-२५ मिमी कडप्पा वजा केला तर आत जेमतेम ८० सेंमी उरतात. वरचं झाकण काढलं की बरेच मॉडेल ८२ च्या आसपास येतात, तरीही ते आत जाणार नाहीत. मार्ग दोन आहेत. एक, मशीनच्या गाळ्यावर खाली कडप्पा न देता फक्त ग्रॅनाईट ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या उभ्यांवर लोखंडी अँगलचा आधार द्या, म्हणजे ८२ सेंमी मिळतात. पण झाकण काढता येतं का ते मॅन्युअलमध्ये आधी बघा. दुसरा, त्याच पद्धतीने तेवढा ओटा साडेचौतीस इंचावर न्या, म्हणजे झाकण न काढताही मशीन बसतं. माझ्या मते स्वयंपाक करणाऱ्या बाईची उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर पहिला मार्ग बरा, उंच ओट्यावर रोज खांदे भरून येतात. गाळ्याची रुंदी ६१-६२ सेंमी ठेवा. उंची नव्या फरशीवरून मोजा: जुन्या फरशीवरच नवी चिकटवणार असाल तर ॲडेसिव्हसकट १२-१५ मिमी तिथं जातात. कडप्प्याचे उभे एकदा सिमेंटमध्ये बसले की हे काही बदलता येत नाही, म्हणून ट्रॉलीवाल्याला थांबवायचंच असेल तर या एका गाळ्यापुरतं थांबवा. बाकी ट्रॉल्या होऊ द्या.

डिशवॉशरसाठी पाण्याचंही आत्ताच बघा. नळ वॉशिंग मशीनचा असतो तसा पाऊण इंची आट्यांचा हवा, सिंकखालचा नेहमीचा अर्धा इंची चालत नाही. बऱ्याच मशीनना किमान ०.५ बार दाब लागतो. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे टाकीतलं पाणी नळापासून पाच मीटर वर हवं. एकमजली घरात स्लॅबवरच टाकी असेल तर तीन-चार मीटरच मिळतात, मशीन पाणी कमी असल्याचा एरर देत राहतं आणि मग मशीनच खराब म्हणून भांडण होतं. टाकी उंचावर घ्या किंवा छोटा प्रेशर पंप लावायची सोय ठेवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्याचा जडपणा हार्डनेस स्ट्रिपने तपासा. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, जडपणा सांगत नाही. मशीनमध्ये जडपणाची सेटिंग आणि मिठाची जागा असते, पण मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा पाणी जड असेल तर बाहेर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लागतो, त्याला सिंकखाली जागा सोडा.

चिमणीची काळजी सोडा, ती सगळ्यात शेवटी आली तरी चालते. तिचं डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, बहुधा सहा इंची असतं. साडेसहा इंचाचं कोअर कटिंग (मशीनने पाडलेलं गोल भोक) हॉबच्या मध्यरेषेवर करून घ्या, बीम टाळा, बाहेर काउल (डक्टच्या तोंडावरचं झाकण) आणि जाळी लावा, नाहीतर कबुतरं घरटं करतात. टाइल्स आधी लागल्या तरी डायमंड कोअरने भोक स्वच्छ पडतं. छन्नी-हातोडी मात्र कोणाला लावू देऊ नका. चिमणीची खालची कड हॉबपासून ६५ ते ७५ सेंमी वर येईल असं धरा, नेमका आकडा मॅन्युअलमधला. डक्टला दोनपेक्षा जास्त वळणं नकोत.

वायरमनचं काम भिंत बंद व्हायच्या आत. चिमणीला ६ अँपिअरचा पॉइंट मध्यरेषेपासून फूटभर बाजूला, कारण मधोमध डक्ट येतो. डिशवॉशरला १६ अँपिअरचा, पण मशीनच्या मागे नाही, सिंकखालच्या शेजारच्या कप्प्यात. त्याला स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि २.५ चौ. मिमी वायर, पुढे ओव्हन घ्यायचा विचार असेल तर त्यासाठी ४ चौ. मिमीची वेगळी लाइन आत्ताच ओढून ठेवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) जरूर लावा, आणि अर्थिंग मोजून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कमजोर होतो, त्यात पाणी घालावं लागतं.

दुकानदार ‘तो नाही, त्याच्यासारखाच नवा मॉडेल देतो’ म्हणाला, तर हो म्हणायच्या आधी दोन्ही मॅन्युअलमधले कटआउट शेजारी ठेवून बघा. दिसायला सारखे असले तरी कटआउट वेगळा असू शकतो.

आता पैशाचं. राहिलेली रक्कम डिलिव्हरीच्या दिवशीच द्या. हप्त्यांवर घेत असाल तर कर्ज मंजूर होऊन दुकानदाराला पैसे गेले की हप्ता सुरू होतो, माल आलेला असो वा नसो. म्हणून ती प्रक्रिया माल शहरात पोचल्यावर करायला सांगा. बिलही तेव्हाचंच घ्या, कारण वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात. दुकानदाराला लेखी एक तारीख द्या, ट्रॉलीवाला शेवटचा गाळा बंद करणार त्याच्या चार-पाच दिवस आधीची, आणि त्या तारखेपर्यंत माल नाही आला तर ॲडव्हान्स परत, असं त्याच्याकडून मेसेजवर कबूल करून घ्या. ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम तुमच्या बाजूने आहेत: सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसल्यास, विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दुकानदार ॲडव्हान्स अडवून बसला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान किंवा कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पावती आणि ते व्हॉट्सॲप मेसेज हाच तिथं पुरावा, म्हणून फोनवर झालेलं बोलणंही नंतर एका ओळीत लिहून पाठवत जा.

माल आला आणि किचन तयार नसेल तरी खोकी तशीच माळ्यावर टाकू नका. बदलून घ्यायची मुदत डिलिव्हरीपासून धावते आणि ती थोड्या दिवसांचीच असते. गाडीवाल्यासमोर खोका उघडा, व्हिडिओ चालू ठेवा, हॉबच्या काचेचे चारही कोपरे, चिमणीचा पत्रा, डिशवॉशरचं दार आणि खालचे पाय बघा, सिरियल नंबर बिलाशी ताडून घ्या. डाग किंवा तडा दिसला तर डिलिव्हरीच्या चलनावर तसं लिहूनच सही करा. कंपनीचा माणूस बसवायला येईल तेव्हा हॉब एलपीजीच्या नोझलचा आहे ना ते विचारा आणि जुनी नळी लावू देऊ नका. आयएसआय मार्कची नवी सुरक्षा नळी, दीड मीटरच्या आत, आणि कडप्प्यातून जिथं जाते तिथली कड घासून गोल करून घ्या.