गावातल्या अफवांवर थ्रिलर लिहितोयस? आधी एवढं बघ

भावा, विषय भारी निवडलायस, लिहूनच टाक. फक्त पहिल्याच पानावर खून नको, नवीन लोक तिथंच घाई करतात. आधी अफवा फिरू दे. तासगावकडचं गाव घेतलंयस ना, मग सकाळी डेअरीत दूध घालताना एकजण म्हणतो "तिच्या बेदाणा शेडवर रात्री लाईट होती म्हणं", गिरणीत दळण होईस्तोवर त्या लाईटची गाडी होते आणि संध्याकाळी पारावर गाडीचा नंबर सांगणारापण निघतो, आणि यातलं कुणीच मुद्दाम खोटं बोलत नाय, खरी भीती तिथंच आहे.

- बोलणाऱ्या प्रत्येकाला व्हिलन करू नको.
- जिच्याबद्दल बोलतात ती नुसती बिचारी नको, तिलापण काहीतरी लपवायचं असू दे.

ट्विस्ट, गोष्ट दोन काळांत सांगणं वगैरे नंतर बघू. पहिलं प्रकरण झालं की पाठव, नक्की वाचतो.