‘अँफोरा’ म्हणजे रोमन मडकं की शेवाळ?

दोन्ही, गोंधळ होणारच. दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा रोमन कुंभ म्हणजे अँफोरा. त्यातून दारू, तेल जहाजानं जायचं. इटलीची दारू भडोचला उतरायची, अशी ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत नोंद आहे.

दुसरा अँफोरा म्हणजे डायटम या एकपेशीय शैवालाची एक प्रजाती. आकार त्या कुंभासारखा, म्हणून तेच नाव. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी तापीच्या दगडांवरून पाय घसरतो ना, त्या तपकिरी बुळबुळीत थरात डायटम असतात. त्यांचं कवच काचेसारखं, सिलिकेचं. त्यामुळे मडक्याच्या मातीतून आलेलं ते कवच फार कडक न भाजलेल्या खापरातही टिकतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कळतं की माती गोड्या पाण्याची की खाडीची. मला तर हेच सगळ्यात विलक्षण वाटतं!